चार घंट्यांतला एक घंटा

माझी मोटर फुकट चालत नव्हती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला मधेच अडवायला नको.

जालना-बदनापूरकडं माझ्या मोटरीच्या दोन गोष्टी अजून फिरतात. एक अशी की कडुबा मिस्त्रीनं बिगरविजेची मोटर बनवली होती आणि मोठ्या कंपन्यांनी त्याचं तोंड बंद केलं. दुसरी अशी की कडुबा मिस्त्रीनं भरल्या प्रदर्शनात स्वतःचं हसं करून घेतलं. पहिली साफ खोटी. माझं तोंड बंद करील अशी कंपनी अजून निघायची आहे, घरात बायकोला जमलं नाही. दुसरी अर्धी खोटी. उरलेली अर्धी खरी कशी, ते मी स्वतः सांगतो. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, ती पण आमच्या गावी धावड्याला, आणि गुरुजी यायचे त्या दिवशीच. तवा ऱ्हस्व-दीर्घ हे छापणाऱ्या अंकवाल्यांनी बघून घ्यावं. मजकुराला हात लावू नये.

धंदा रिवाइंडिंगचा. एक्क्याऐंशी साली बदनापूरला स्टेशनच्या रस्त्यावर दुकान टाकलं. ज्याला ह्यातलं ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहितो. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती आमच्याकडं आणतो. बैलगाडीत आणतो, टेम्पोत आणतो. एकानं तर एसटीत सीटवर बसवून आणली होती. कंडक्टर म्हणला सामानाचं तिकीट काढ, तर हा म्हणला, "तिकीट काढलं तर सीट बी तिचीच," आणि आख्खा रस्ता एक म्हातारी उभी राहिली. मोटरीच्या पोटात लोखंडाच्या खाचा असतात आणि त्यात तांब्याच्या तारेचे वेढे. जळालेली तार कापून काढायची, वेढे मोजायचे, खाचेत नवा कागद घालायचा, तितकीच जाड तार तितक्याच वेढ्यांनी भरायची, वर बांबूची कामटी ठोकायची, वार्निश पाजून वाळवायची. सांगायला एवढंच आहे. पण दहा वेढे कमी पडले तर मोटर तापते, आणि महिन्यात दुकानाच्या दारात येऊन बसते. परत आलेली मोटर म्हणजे आमच्या धंद्यात थोबाडीत.

मी तीन वेळा अशी थोबाडीत खाल्ली. तिन्ही वेळा एकाच माणसाची, शहागडच्या एका ढाबेवाल्याची. तिसऱ्यांदा तो दुकानात ओरडला, "मिस्त्री, तार भरून राह्यला का सुतळी?" त्याच्याच ट्रकवाल्या गिऱ्हाइकासोबत शहागडला गेलो आणि स्टार्टर उघडला. वीज कमी आली की मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून त्यात एक रिले असतो. ह्या पठ्ठ्यानं त्या रिलेत दात कोरायची काडी खोचून ठेवली होती, का तर मोटर सारखी बंद पडते म्हणून. मी ती काडी काढून त्याच्या हातात दिली. म्हणलं, "तार माझी होती, काडी तुझी. आता कोणाला शिव्या घालायच्या ते बराबर ठरव." त्या दिवशी त्यानं मला जेवू घातलं. मी दोनदा भाजी मागून घेतली.

हे सांगितलं ते एवढ्यासाठी की माझं नाव चांगलं होतं. ते नाव पणाला कसं लागलं, ते आता सांगतो.

एकदा जीपच्या बॅटरीवर एक कॉइल तपासून राह्यलो होतो. बारा व्होल्टची बॅटरी. तिच्या दोन्ही टोकांना हात लावून दिवसभर बसा, मुंगीसुद्धा चावणार नाही. मी तार जोडली तवा काहीच झालं नाही. उघड्या हातानं तार सोडवली, तर असा झटका बसला की स्टुलावरून खाली आलो. जोडताना काही नाही आणि सोडताना लाथ! पाइपातून पाणी जोरात वाहत असताना कॉक एकदम बंद केला तर पाइप धाडकन हादरतो, तसंच हे. कॉइलमध्ये चुंबकाचा जोर भरलेला असतो. वीज तोडली की त्याला जायला जागा उरत नाही, मंग तो ठिणगी होऊन उडतो. स्कूटरच्या प्लगची ठिणगी ह्याच लाथेची. तेवढी एक जागा सोडली तर बाकी सगळीकडं ही लाथ वाया जाते आणि वरून स्विचचे पॉइंट जाळते. माझ्या डोक्यात बसलं की ही धरायची आणि वापस बॅटरीत घालायची. आता बॅटरीच्या स्कूटरवाले ऐटीत सांगतात की ब्रेक दाबला की थोडी वीज बॅटरीत वापस जाते. तवा मी वापस हा शब्द काढला की लोक डोक्याशी बोट फिरवायचे.

लोडशेडिंगनं दुकान अर्धा दिवस गार पडायचं, म्हणून वेळ भरपूर होता. सायकलच्या चाकाला भंगारातल्या स्पीकरची लोहचुंबकं बसवली. भोवती चार कॉइली. वीज जोडायला-तोडायला स्कूटरचे पॉइंट. ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरातून डायोड काढला. डायोड म्हणजे विजेचा एकतर्फी दरवाजा, गेलेली वीज उलटी येत नाही. जीपच्या दोन सारख्या बॅटऱ्या घेतल्या. पहिली चाक फिरवायची, आणि कॉइलची लाथ डायोडमधून दुसरीत जायची. तीन वर्षं मोडलं आणि जोडलं. शेवटी चाक फिरायला लागलं आणि पॉइंटवरची निळी ठिणगी जवळजवळ विझली. ठिणगी कुठं गेली? दुसऱ्या बॅटरीत. माझी छाती फुगली.

चूक झाली ती इथून पुढं, आणि ती माझ्यासारख्यानंच करावी अशी होती.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. पक्कड, हातोडी, वाइंडिंगचं यंत्र धुऊन-पुसून मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा. मंग दसऱ्याला सीमोल्लंघन करून येईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. दुसरे मिस्त्री गिऱ्हाईक आलं की गुपचूप लावतात. मी कधी लावला नाही. त्या वर्षी मोटर, दोन्ही बॅटऱ्या आणि मीटरसुद्धा पूजेत बसवला. आदल्या संध्याकाळी पहिल्या बॅटरीचा काटा पार खाली आला होता, चाक धापा टाकत होतं. दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली, आणि चार दुकानदार सोनं द्यायला आले असताना मी हार बाजूला सारून मीटर लावला. दुसरी बॅटरी भरलेली, ती तर भरणारच. पण पहिलीचा काटा पण वर आलेला! दोघींचाही काटा वर. म्हणजे खर्च काहीच न्हाई!

मी मोठ्यानं म्हणलो, "फुकट चालली!"

बस. एवढे दोन शब्द. पानाच्या टपरीवरून ते स्टेशनवर गेले आणि स्टेशनवरून जालन्याला.

जालन्याला एक सेठजी होते. त्यांचे पणजोबा मारवाडातून आलेले. त्यांच्याकडून मी वीस वर्षं तांब्याची तार घेतली. जालन्याच्या शेती प्रदर्शनात दर वर्षी त्यांचा स्टॉल असायचा. ते स्वतः बदनापूरला आले, आणि सोबत इंजिनियरिंग कॉलेजचे एक सर घेऊन आले. सेठजी सावध माणूस.

"मिस्त्री, मी वायर विकतो, करामत न्हाई," सेठजी म्हणले. "तुमच्या जुबानवर ही मोटर प्रदर्शनात मांडू का? सच सांगा."

"मांडा," मी म्हणलो.

सरांनी चाक बघितलं, हसले. "काका, वीज अशी फुकट तयार होत नसते. पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा सांगतील."

"तयार कोण करून राह्यलंय? वाया जाती ती धरून राह्यलो."

"त्या ठिणगीत काय असतं काका? आम्ही ते शून्य धरतो. बल्बसुद्धा पेटायचा नाही."

'शून्य' म्हणताना त्यांनी बोटांचं एक वाटोळं करून दाखवलं. ते वाटोळं मला सहन झालं नाही. दुकानाबाहेर आठ-दहा जण जमले होते. मी सगळ्यांदेखत बोललो, "सर, ही मोटर फुकट चालती. न्हाई चालली, तर ह्या दुकानाची पाटी माझ्या हातानं उतरवीन."

"आणि चालली तर मी काय उतरवू?"

"तुम्ही काय उतरवता? तुमच्या नावाची पाटी सरकारनं लावलीय. माझी मी लावली."

लोक हसले. मी पण हसलो. ती पाटी मी एक्क्याऐंशी साली स्वतः रंगवली होती, 'कडुबा रिवाइंडिंग वर्क्स'. 'वर्क्स'चा अर्थ मला रंगवून झाल्यावर कळला. बारा गावचे लोक ती पाटी बघून मोटर उतरवायचे. शब्द दिला तवा मला वाटलं, मी फक्त सरांचं तोंड बंद करून राह्यलो.

प्रदर्शनाला आठ दिवस होते. मी सलग चाक चालवून बघायला लागलो, आणि सलग ते चालेना. पहिली बॅटरी संपायची. मी बॅटरीला शिव्या दिल्या, पॉइंट घासले. थोडा वेळ थांबलो की काटा वर यायचा, चाक फिरायचं, आणि पहिल्यापेक्षा लवकर बसायचं. तीन दिवस असंच चाललं. आमची घरची, गयाबाई, दुपारचा डबा घेऊन यायची ती बघत उभी राहायची. ती शेतकऱ्याची पोर. माहेरी स्वतः औत हाकलेलं.

"अवो," ती म्हणली, "थकला बैल सावलीला बसवला, तर उठल्यावर दोन तास नीट चालतो. म्हणून त्यानं चारा खाल्ला असं होतं का?"

मी म्हणलो, "तुला काय कळतं बॅटरीचं?"

"बॅटरीचं न्हाई कळत. बसण्याचं कळतं."

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. बोलायला उरलंच काय होतं? खंडेनवमी. मी माझ्या हातानं पहिल्या बॅटरीला दिवसभर हार घालून बसवली होती. ती बसली, दम खाल्ला, आणि काटा वर आला. आत काही भरलं नव्हतं. दुसऱ्या कोणत्याही मिस्त्रीनं त्याच दिवशी गुपचूप मोटर चालवली असती आणि चाक बसलेलं बघितलं असतं. माझ्या नेमानं मला फसवलं. नेम चांगला होता, अक्कल कमी पडली.

मंग काट्याचा नादच सोडला. काटा बसल्या जागी बोलतो, बल्ब काम करून दाखवतो. मोटर, हेडलाइटचा एक बल्ब आणि दोन्ही बॅटऱ्या घेऊन जालन्याला सेठजींच्या दुकानात गेलो. पहिली भरून तिच्यावर बल्ब लावला, वेळ त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळावर. चार घंटे जळाला. मंग ती परत भरली, दुसरी पार रिकामी केली, चाक बसेपर्यंत मोटर चालवली, आणि लाथेनं भरलेल्या दुसरीवर तोच बल्ब लावला. एक घंटा जळाला. चार घंट्यांतला एक घंटा वापस. बाकी तीन चाकात, लोखंडात, उष्णतेत गेले.

सेठजींनी घड्याळ बघून तो एक घंटा वहीत लिहून घेतला. स्टॉलवर कापडी बॅनर लागला होता, 'विजेशिवाय चालणारी मोटर'. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन.

"बॅनर उतरवा," मी म्हणलो.

"किती लोकांना बोलावलंय, मालूम आहे?"

"म्हणून तर उतरवा."

सेठजी हळू म्हणले, "मिस्त्री, सांगा की मोटर बिघडली. बिघडलेल्या मोटरीला कोण हसतं? तुमची पाटी राहील, माझी इज्जत राहील."

त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच सांगितलं, हे मला तवाही कळत होतं. पण मला राग आला. वीस वर्षं मी लोकांच्या बिघडलेल्या मोटरी चालवल्या. आता माझी चालणारी मोटर बिघडली म्हणून सांगू? "सेठजी," मी म्हणलो, "मोटर नीट आहे. बिघडलो तो मी. मी दुरुस्त होतो, तिच्यावर आळ घालू नका."

बॅनर रातोरात उतरला. सकाळी दहाला स्टॉलपुढं ही गर्दी. सर आले, सोबत कॉलेजची पोरं. मी खुर्चीवर चढलो आणि सांगितलं, "ही मोटर फुकट चालत न्हाई. मी म्हणलो होतो चालती, ते चूक. पाटी आज संध्याकाळी उतरवतो. ज्याला बघायचं त्यानं बदनापूरला यावं."

आधी कुणाला कळेना. मंग हशा पिकला. मागून एक जण ओरडला, "मंग आम्ही काय सायकलचं चाक बघायला आल्तो का?"

"चाकच बघ," मी म्हणलो. "तुझ्या सायकलपेक्षा सरळ फिरतं."

सर पुढं येऊन म्हणले, "काका, मान्य केलंत, फार चांगलं. चला, विषय संपला."

"माझा संपला. तुमचा राह्यलाय. तुम्ही म्हणला होता शून्य."

दुसरी बॅटरी मी आधीच रिकामी करून आणली होती. सरांनीच तिच्यावर बल्ब जोडला. पेटला नाही. तो त्यांनीच सोडवला, आणि मी मोटर चालू केली. गर्दी यायची, बघायची, हसायची, भजी खायला जायची. मी जागचा हललो नाही. दुपारी दोनच्या पुढं चाक मंदावलं आणि बसलं. मंग मी सरांना म्हणलो, "लावा बल्ब."

पेटला.

"दोन मिनिटांत जाईल," सर म्हणले.

सेठजींनी खुर्ची दिली, सर बसले. मनगटावरचं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पोरांतला एक म्हणला, "सर, शून्य लई जळून राह्यलं." सरांनी त्याच्याकडं बघितलं नाही. घंट्याला पाच मिनिटं कमी असताना बल्ब लाल झाला आणि गेला.

सर उठले. माणूस वाईट नव्हता. म्हणले, "चांगलं धरलंत काका. पण ह्यात नवीन काही नाही. हे पुस्तकात आहे."

"मंग त्या दिवशी दुकानात आल्ते तवा पुस्तक कुठं ठेवून आल्ते?"

त्यांनी घड्याळ परत मनगटावर बांधलं. जाताना विचारलं, "काट्यातली चूक कशी कळली तुम्हाला?"

गयाबाई तिथंच दोन हातांवर उभी होती, डब्याची पिशवी धरून. सरांनी विचारलं ते तिनं ऐकलं, आणि मी काय बोलतो तेही. मी म्हणलो, "कळली." एवढंच. बायकोनं चूक काढली, हे चारचौघांत म्हणायला जीभ उचलली नाही. फुकट चालली म्हणायला बरी उचलली होती. परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत म्हणली, "माझं न्हाई तर न्हाई, बैलाचं तरी नाव घ्यायचं होतं." आज लिहून टाकतो. चूक गयाबाईनं काढली. तिला हे छापून आलेलं बघता आलं नाही, ही बोच माझी आहे, आणि ती कोणत्याच डायोडनं धरता येत नाही.

संध्याकाळी पाटी उतरवायला चाळीस-एक माणसं जमली. सेठजी जालन्याहून जीप करून आले. "रहने दो मिस्त्री," म्हणले, "एक घंटा तर वापस आला ना?"

"मी चारी वापस म्हणलो होतो."

शिडी लावली. वीस वर्षांचे स्क्रू गंजून बसले होते, एक तर पटाशीनं तोडावा लागला. पाटी खाली आली. मागं भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी हळहळलं. मी शिडी घडी करून आत ठेवली आणि सगळ्यांना चहा पाजला. बिनपाटीच्या दुकानाचा पहिला चहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडायला गेलो तर दारात टेम्पो उभा. धावड्याचा आमच्याच भावकीतला शेतकरी, पाच हॉर्सपॉवरची मोटर घेऊन. तो वर बघून राह्यला, पांढऱ्या चौकोनाकडं.

"नाना, पाटी कुठंय?"

"उतरवली."

"मंग काम बंद?"

"शब्द पाटीचा दिला होता. हातांचा न्हाई."

तो घुटमळला. "मंग आता गावात विचारलं तर दुकानाला म्हणायचं तरी काय?"

"काही म्हणू नको," मी म्हणलो. "मोटर उतरव."